हवेचं घड्याळ

१७ नोव्हेंबर १९४६, रविवार. सकाळ.

नवी वही सुरू. मागची वही जानेवारीत मधेच थांबली, ती ट्रंकेत तळाशी आहे. ती काढायचं काही कारण नाही.

निश्चय: येत्या संक्रांतीला बिरसीच्या हवाई पट्टीवरून आपलं दुसरं विमान उडवायचं. मी स्वतः उडवणार. लढाई संपली, साहेबलोक गेले, पट्टी मोकळी पडली. गाववाले तिच्यावर धान वाळवतात, पण विमानापुरती जागा होते. पंख तयार, मोटरसायकलचं इंजिन तयार. शेपूट तेवढी राहिली आहे.

एकदा उडालो की सगळ्यांची तोंडं बंद होतील. रूपलालचं विमान पडलं ते विमानामुळे नाही, आणि माझ्या घड्याळामुळे तर नाहीच, हे सिद्ध होईल. धाकटा भाऊ होता माझा. त्याच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. पण चूक त्याची होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

आज दुकान बंद ठेवून घड्याळ पुसलं. घड्याळ म्हणजे हवेच्या वेगाचं. पंखाला एक नळी असते, तोंड समोर. वारा नळीत शिरतो, आतल्या डबीला दाबतो, काटा फिरतो आणि ताशी मैल सांगतो. आपलं विमान चाळीस मैलांच्या खाली हवेत राहत नाही, दगडासारखं खाली येतं. म्हणून उडवणाऱ्यानं या काट्यावरची नजर हलवायची नाही. सगळा जीव त्या काट्यात.

मिलिटरीच्या लिलावातून आणलं तेव्हा ते बारा मैल मागे होतं. मागे पडलेलं घड्याळ पुढे आणणं हा तर माझा धंदा. गोंदियात स्टेशनपाशी सतरा वर्षं दुकान आहे, उगाच नाही. राइस मिलच्या जीपला नळी बांधली, पट्टीवर चाळीस मैलांनी जीप पळवली, काटा अठ्ठावीसच दाखवत होता. मग आतली बालकमानी, म्हणजे केसाएवढी बारीक स्प्रिंग, सैल करून तो बरोबर चाळीसवर आणला. पूर्ण सायंटिफिक.

गेल्या १३ जानेवारीला रूपलाल पडला तेव्हा काच फुटून काटा अठ्ठेचाळीसवर दबून बसला होता. मी स्वतः पाहिला. अठ्ठेचाळीस म्हणजे चाळीसच्या वर आठ. त्या वेगाला विमान पडत नाही. म्हणजे त्यानंच विमान चालवायचा दांडा नको तसा ओढला असणार. पंचनाम्यात ‘चालकाची हयगय’ असं लिहिलं आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून पंचनामा लिहून द्यायचं काम माझ्याकडेच आलं होतं.

काच नवी बसवली. काटा मोकळा केला. बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार. दुपार, दुकानात.

दुकानात एकोणतीस घड्याळं टिकटिकतात. सतरा वर्षांत मला ती ऐकू येणं बंद झालं आहे. पण आज दोनदा मधेच वेगळा आवाज आला. टक टक. नखानं काचेवर मारल्यासारखा.

रूपलालला सवय होती. विमानात बसला की काट्याच्या काचेवर नखानं दोन टिचक्या मारायचा. मी रागवायचो, काच आहे ती, कुणाचं डोकं नाही.

सगळी एकोणतीस तपासली. एकाचाही आवाज तसा नाही. दुकान लवकर बंद केलं. डोळ्यांना आराम हवा म्हणून.

२४ नोव्हेंबर, रविवार.

पंखांच्या कापडाला जे रोगण लावतात त्याला पिकल्या केळ्यांचा वास येतो. रूपलालच्या अंगाला तो वास कायम असायचा. रामकली म्हणायची म्हणे, नवरा आहे की केळीचा घड.

दुसऱ्या विमानाला रोगण लावून महिना होऊन गेला, वास उडून गेला. तरी आज जेवताना तो वास आला. हिला विचारलं, घरात केळी आहेत का. नाहीत म्हणाली.

सायकलीवर गोंदियाला जाऊन डझनभर केळी आणली, ओसरीवर टांगली. आता वास आला तर कारण घरात आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार.

केळी संपली. वास आहेच. उद्या परत आणावी लागतील. ही म्हणते, "तुमाले अचानक केळ्याची कायले इतकी हौस लागली?" लोहासाठी चांगली असतात म्हणालो.

१ डिसेंबर, रविवार. सकाळ.

उडण्याचा अभ्यास सुरू. रूपलाल नागपूरला जाऊन रीतसर शिकून आला होता. मला तितका वेळ नाही. त्याचं इंग्रजी पुस्तक आहे, चित्रं स्पष्ट आहेत.

खाटेवर बसलो, फावड्याचा दांडा गुडघ्यांत धरला. दांडा पुढे, नाक खाली. दांडा मागे, नाक वर. पाऊण तास केलं. बाबूजी बाहेरून आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पोट दुखून राहिलं का?" बाबूजींना ऐकू येत नाही, दोन्ही कान गेले आहेत. समजावून सांगायचं तर घसा फुटेपर्यंत ओरडावं लागतं, म्हणून मान हलवली. त्यांनी ओव्याची डबी आणून दिली.

निश्चय: रोज पाऊण तास. उद्यापासून पहाटे, कुणी उठायच्या आत.

३ डिसेंबर, मंगळवार.

पहाटेचं जमलं नाही. थंडी.

आज घरी पाहुणे होते, तिरोड्याहून. बाबूजींनी त्यांना नेहमीचं सांगितलं, "लहानगा माहा हयगयीनं मेला. घड्याळ तं मोठ्यानं बरोबर लावून देल्लं होतं. पाहाची अक्कल पायजे ना." हयगय हा शब्द बाबूजींचा नाही. पंचनामा त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो उचलला. आल्यागेल्याला सांगतात. रामकली आत चुलीपाशी होती. फुंकणीचा आवाज थांबला आणि जरा वेळानं परत सुरू झाला.

मी बोललो असतो. पण बाबूजींशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि पाहुण्यांसमोर ओरडणं बरं दिसत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार.

ही सांगत होती, रामकली काहीतरी विचारते. मी रामकलीचा जेठ. धाकट्याची बायको जेठाशी बोलत नाही, समोर आला तर पदर ओढून भिंतीकडे वळते. आमच्या लोकांची रीत आहे, पूर्वजांनी माळव्यातून येताना शेतीच्या बियाण्याबरोबर आणली असावी. म्हणून तिला जे विचारायचं ते हिच्या तोंडून येतं, आणि मधे ही त्यात आपलं मीठ घालते.

म्हणाली, "धाकटी विचारून राहिली, जीप चालवली त्या दिवशी वारा कोनीकून होता?"

बायकांना वारा धान उफणायपुरताच ठाऊक. सांगितलं, पौषात वारा असतोच, कुठूनही असो. हिनं तेवढंच आत जाऊन सांगितलं.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी दीड.



सगळे शेतावर. मी गोंदियाहून लवकर आलो. विमान कोठ्यात असतं, बैल तात्पुरते मांडवाखाली हलवले आहेत. घड्याळ तिथेच बाकावर असतं, नळीला रबरी ट्यूब जोडून. दाराच्या फटीतून सहज बघितलं. कोठ्यात वारा नाही, खिडकी नाही. आणि काटा फिरत होता. वीस. तीस. हळूहळू, कुणी हाताला धरून चढवावं तसा. अठ्ठेचाळीसवर जाऊन थांबला.

तिथेच थांबला. मी दहापर्यंत मोजले. मग खाली आला.

मी वळलो, मग टक टक.

मी तिथे थांबलो नाही कारण मला पाणी प्यायचं होतं.

कारण सापडलं: हवेचा दाब. दुपारी बदलतो.

९ डिसेंबर, सोमवार.

हवेच्या दाबानं काटा एक-दोन मैल हलेल. अठ्ठेचाळीस नाही. पण कोठ्यात शेणाची वाफ असते, तिचा विचार कालच्या हिशोबात केला नव्हता.

सावधगिरी म्हणून रबरी ट्यूबच्या तोंडाला फडकं बांधलं. तीन गाठी.

१० डिसेंबर, मंगळवार.

गाठी सुटलेल्या. फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं. रूपलाल कधी कशाची घडी करत नसे. हे लक्षात घेण्यासारखं आहे.

तरी झोप लागत नाही. दिवसा दुकानात पेंगतो. छोटेलाल गार्डचं घड्याळ उलटं बसवलं, त्यानं गाडी सुटायच्या वेळी आणून तोंडावर मारलं.

१५ डिसेंबर, रविवार. दुपार.

आज सोक्षमोक्ष लावला. निदान तसं ठरवलं होतं.

दुपारी कोठ्याबाहेर उभा राहिलो. दार लोटलेलं. फट सोडली. काटा चढलेला होता, अठ्ठेचाळीस. कोठ्यात कुणी दिसत नव्हतं, फटीतून फक्त बाक दिसतो. दार उघडायचा धीर झाला नाही. बाहेरूनच बोललो. माझा धाकटा भाऊ आहे, बोलायला काय हरकत.

म्हणालो, रूपलाल, ऐक. घड्याळ मी बरोबर लावलं होतं. तू हयगय केलीस. मी पंचनाम्यात खोटं लिहिलं नाही. उलटी फेरी घेतली नाही म्हणून काय झालं? एका फेरीत काटा चाळीसवर आला होता. तू म्हणालास, दादा, परत येताना पण मोजू. मी नको म्हणालो. परत येताना डोळ्यांत भुसा गेला असता. सगळ्यांच्याच गेला असता. तुझ्याही.

काटा खाली पडला. एकदम, श्वास सुटावा तसा.

मी अर्धा मैल चालत गेलो आणि मग परत आलो. मन हलकं वाटलं. बोलून टाकलं की बरं वाटतं.

१८ डिसेंबर, बुधवार.

मन हलकं वाटत नाही.

२२ डिसेंबर, रविवार.

शेपूट जोडली. थोडी वाकडी आहे, पण बैलगाडीची धुरा तरी कुठे सरळ असते. हिनं विचारलं, यावेळी कोण उडवणार. मी म्हणालो, मी. ही उठून आत गेली. संध्याकाळी हिनं निरोप आणला, तोही मनात नसताना आणल्यासारखा, "धाकटी म्हणते, घरातला एक गेला तेवढा पुरे झाला."

रामकलीनं आजवर माझ्याबद्दल चांगलं-वाईट काही म्हटलेलं मला ठाऊक नाही. हे ऐकून ताट अर्धं ठेवून उठलो. केळी जास्त झाली असावीत.

२९ डिसेंबर, रविवार.

खाटेवरचा अभ्यास महिन्याभरात दोनदा झाला. पण पुस्तकाची प्रस्तावना पूर्ण वाचली.

१ जानेवारी १९४७, बुधवार.

नव्या वर्षाचा निश्चय: भुताखेतावर विश्वास ठेवायचा नाही. गोंदियातलं माझं दुकान सायन्सवर चालतं.

पंडिताकडून ताईत आणला, तो कोठ्याच्या दारावर बांधला. हिच्या समाधानासाठी. हिला अजून सांगितलेलं नाही.

५ जानेवारी, रविवार. दुपारी दोन.

पाहिलं.

आज कोठ्यात आधीच जाऊन पंखाखाली गवतावर आडवा झालो. कुणी येणार असेल तर समोरासमोर होऊ दे. दारावरचा ताईत सोडून हातात.

दार लोटून रामकली आली. पदर खांद्यावर, कुणी नाही असं समजून. दाराच्या फटीतून दिसत नाही त्या बाकाच्या कडेला उकिडवी बसली, रबरी ट्यूब तोंडात धरली आणि फुंकू लागली. हळूहळू, गाल फुगवून, चुलीवर दुधाखालचा जाळ वाढवते तशी. काटा वीस, तीस, अठ्ठेचाळीस. तिथे धरून ठेवला. तोंड काट्याकडे. कान लाल झाले. मग सोडला. काचेवर नखानं दोनदा वाजवलं, टक टक, अगदी त्याच्यासारखं. आणि घड्याळाशी बोलली. माझ्याकडे तिची पाठ होती, मी तिला दिसलो नाही, म्हणून मला ऐकायला मिळालं.

म्हणाली, "इतकासाक तं वारा लागते. एवढ्याशा वाऱ्यानं त्याइले कोन उचलून धरन?"

पहिले दोन क्षण मला इतकं हायसं वाटलं की हसू फुटणार होतं. भूत नाही. घरातलीच बाई आहे. मग आठवलं की १५ डिसेंबरला मी दाराबाहेर उभा राहून जे बोललो ते सगळं रामकलीनं ट्यूब तोंडात धरून ऐकलं.

ती गेल्यावरही मी गवतावर पडून होतो. केळ्यांचा वास येत होता. तो मात्र कुणी फुंकत नव्हतं.

६ जानेवारी, सोमवार.

ती फुंकते त्याला सायन्समध्ये काही अर्थ नाही. बाईच्या फुंकरीला प्रमाण काय? तरी मी स्वतः फुंकून बघितलं. अठ्ठेचाळीसवर न्यायला खरंच फार लागत नाही. गरम चहा निववावा इतकंच.

नवं घड्याळ नाजूक असतंच.

नवं नाही, हे खरं.

८ जानेवारी, बुधवार.

रस्ता सापडला. रविवारी, उडायच्या दोन दिवस आधी, सगळ्या गावासमोर जीपची टेस्ट परत घ्यायची. त्याच पट्टीवर, त्याच वेगानं, राइस मिलचा ड्रायव्हर उदारामच चालवेल. काटा चाळीस दाखवेल. रामकलीही बघेल. मग तिची फुंकर आणि माझी झोप दोन्ही ठिकाणावर येतील.

मोजायला माझं स्वतःचं स्टॉपवॉच. पट्टीवर दोन चुन्याच्या रेघा, मधे बरोबर पाव मैल. जीपच्या मीटरवर भरवसा ठेवणाऱ्यांतला मी नाही.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळी साडेपाच.

क्रमानं लिहायचं. क्रम महत्त्वाचा.

सकाळी दहाला उदाराम जीप घेऊन आला. वारा चांगला होता, म्हणून अर्धी बिरसी धान उफणायला पट्टीवर होती. वारा पडला की उफणणी होत नाही, म्हणून वारा उठला की सगळ्या बाया सुपं घेऊन धावतात. रामकलीची आई सुशीलाबाई होती, रामकली होती. पट्टीच्या कडेला ढीग लागलेले. सुपातून धान सरळ पायाशी पडत होतं आणि भुसा उडून तळ्याकडे जात होता.

पहिली फेरी तळ्याकडे. रेघ ते रेघ साडेबावीस सेकंद, म्हणजे ताशी चाळीस. काटा: चाळीस. उदारामला बघायला लावलं. तो म्हणाला, "बरोबर हाय मालक." भुसा दोन्ही बाजूंनी जीपच्या बरोबरीनं उडत येत होता, गेल्या वर्षीसारखाच. मला फार आनंद झाला. आनंद झाला हे लिहून ठेवतो, कारण नंतर आठवणार नाही.

तळ्यापाशी उदारामनं जीप गाडीवाटेला घातली, गेल्या वर्षी घातली होती तशीच. भुशातून परत कोण येणार. वाटेच्या तोंडाशी रामकली उभी होती. हातात सूप, पदर हनुवटीपर्यंत. उदारामनं ब्रेक दाबला. जेठाशी बोलता येत नाही. तिनं जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि जीपशी बोलली.

म्हणाली, "गाडीबाई, आली तशीच पट्टीवरून फिर. सामोरून वारा घे. त्याइनं मांगलं होतं ते एकडाव करून टाक."

उदारामनं माझ्याकडे बघितलं. मी स्टॉपवॉच शून्यावर आणलं. तो म्हणाला, "बाई रस्ता सोडून नाई राहिली मालक." आणि जीप वळवली.

उलटी फेरी. भुसा डोळ्यांत, नाकात, तोंडात. रेघ ते रेघ साडेबावीस सेकंद. चाळीस. काटा: चौऱ्याहत्तर.

परत फेरी घेतली. जाताना चाळीस, येताना त्र्याहत्तर. परत. जाताना एकेचाळीस, येताना चौऱ्याहत्तर. स्टॉपवॉच खोटं म्हणावं तर ते मीच लावलेलं आहे.

सुशीलाबाई ढिगावरून बघत होती. तिला मी मानानं मावशी म्हणतो. म्हणाली, "भुसा जिकडं जाते तिकडंच तुमी पळून राहिले, तं तुमाले वारा लागन कोठून बाप्पा? इतकं तं सूप धरनाऱ्या पोरीलेबी समजते."

मी म्हणालो, हे हवेचं शास्त्र आहे मावशी, इतकं सोपं नसतं. मग जीपमधून उतरलो. घरापर्यंत चालत आलो. कपड्यांतून अजून भुसा पडतो आहे, वहीवर सुद्धा.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळ.

आज एक वर्ष.

ट्रंकेतून मागची वही काढली. ६ जानेवारी १९४६ची नोंद इथे उतरवून घेतो, शब्द न बदलता.

‘आज जीपवर घड्याळाची टेस्ट. पट्टीवर बायांची उफणणी चालू. भुसा दोन्ही बाजूंनी जीपबरोबर उडत होता, जणू अक्षता. शुभशकुन. जीप चाळीस, काटा अठ्ठावीस. घड्याळ बारा मैल मागे आहे. रूपलालचं म्हणणं, दादा, उलटी फेरी पण घेऊ, दोन्हींची बेरीज करून निम्मं करू, पुस्तकात तसंच आहे. त्याला म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत भुसा जात नव्हता. गाडीवाटेनं आलो. संध्याकाळी बालकमानी सैल केली. काटा आता झकास.’

भुसा जीपबरोबर उडत होता. म्हणजे वारा पाठीमागून होता. जीप चाळीस मैल पळत होती, त्यातले बारा पाठीमागच्या वाऱ्यानंच खाल्ले होते. नळीला उरले अठ्ठावीस. काटा अठ्ठावीस दाखवत होता.

घड्याळ बरोबर होतं. लिलावात आलं तेव्हापासून बरोबर होतं. सतरा वर्षांत माझ्या हातात आलेलं ते एकच घड्याळ असेल ज्यात काही बिघाड नव्हता, आणि ते मी दुरुस्त केलं.

रूपलालच्या काट्यावर अठ्ठेचाळीस होते तेव्हा खरे चौतीसही नसतील. तो काट्याकडेच बघत होता. मी सांगितलं होतं, काट्यावरची नजर हलवू नकोस. त्यानं टिचक्या मारल्या असतील. दादानं लावलेलं आहे म्हणून भरवसा ठेवला असेल. आणि मी त्याच हातानं हयगय असं लिहिलं, चांगल्या अक्षरात.

दुपार. केळ्यांचा वास आज दिवसभर आलेला नाही. ओसरीवर केळी आहेत तरी नाही. कोठ्यात जाऊन पंखाला नाक लावून बघितलं. नाही. आधी भीती वाटायची, आज त्याची फार आठवण आली.

१४ जानेवारी, संक्रांत. सकाळी सात.

उडायचं रद्द. पण लोकांना बोलावलेलं आहे, पट्टीवर जमतील. बाबूजींची खाट पट्टीवर नेऊन ठेवली आहे, मोठा मुलगा उडताना बघायला.

बाबूजींना सांगायचं. नीट, एकट्यात, हळूहळू. वाक्य तयार केलं आहे: ‘उपकरणाच्या वाचनात वाऱ्याच्या दिशेमुळे थोडी तफावत राहून गेली असण्याची शक्यता आहे.’ चार वेळा म्हणून बघितलं. चांगलं वाटतं.

संध्याकाळी सहा.

पट्टीवर शंभरएक माणसं. बाया तिळगूळ वाटत होत्या. रामकली सुशीलाबाईजवळ, पदर ओढून. वारा नव्हता, म्हणून उफणणीही नव्हती आणि सगळं अगदी शांत होतं.

बाबूजींच्या खाटेशी वाकलो, कानापाशी तोंड नेलं आणि तयार केलेलं वाक्य म्हटलं. बाबूजी म्हणाले, "का म्हनून राहिला? आयकू नाई येऊन राहिलं."

जरा मोठ्यानं म्हटलं. उपकरण. तफावत. त्यांनी हातानं कान पुढे केला, म्हणाले, "मोठ्यानं बोल ना गा. आनं आपल्या बोलीत बोल."

मग ओरडून सांगितलं. घड्याळ बरोबर होतं. मी बिघडवलं. उलटी फेरी रूपलालनं मागितली होती, मी घेतली नाही.

तिळगूळ वाटणं थांबलं. बाबूजींनी कानावरचा हात काढला. मग विचारलं, "तं मंग माह्या लहानग्यानं हयगय नाई केली?"

नाही केली, म्हणालो. मोठ्यानं. पट्टीच्या त्या टोकापर्यंत गेलं असेल. तिकडे रामकलीनं पदर तोंडावरून मागे घेतला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. आजवर पहिल्यांदा मी तिचे डोळे पाहिले. भिंतीकडे वळलो मी.

भिंत नव्हती तिथे. पट्टी होती.

बाबूजींनी माझं मनगट धरलं, विचारलं, "मंग कोनाची चूक होती?"

माझी, म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो.